‘ॲसिडिटीची गोळी आजच फेकून द्या’ या संदेशाचा प्रतिवाद

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा : पोटात आम्ल कमी पडले की ॲसिडिटी होते आणि पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या उरलेले आम्लही नष्ट करतात, त्यामुळे अन्न पोटात कुजते, या गोळ्यांनी किडनी निकामी होते, हाडे ठिसूळ होतात, स्मरणशक्ती जाते आणि शेवटी पोटाचा कॅन्सर होतो, अशाच एका गोळीवर परदेशात बंदी आलेली आहे, ही गोळी एकदा लागली की दारूसारखी सुटत नाही, आपले आजे-पणजे ठेचा आणि कळण्याची भाकरी खाऊन ठणठणीत राहिले, त्यांना कधी गोळी लागली नाही, म्हणून घरातील सगळ्या गोळ्या आजच फेकून द्या आणि रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू व खायचा सोडा घालून प्या.

औषधांच्या दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्या माझ्यासारख्याला या संदेशाचा परिणाम लगेच दिसतो. ज्यांनी गोळी चालू ठेवायलाच हवी ते ती बंद करतात, आणि ज्यांची ती केव्हाच बंद व्हायला हवी होती ते मात्र चिठ्ठी नसताना गोळ्यांचा नवा पत्ता (स्ट्रिप) मागत राहतात. संदेशातील प्रत्येक वाक्य निखळ खोटे असते, तर त्याला उत्तर देणे सोपे होते. प्रत्यक्षात त्यातील बऱ्याच विधानांमागे खऱ्या माहितीचा एखादा धागा आहे आणि तो तुटेपर्यंत ताणलेला आहे. म्हणून एकेक विधान वेगळे काढून तपासणे भाग आहे.

‘ॲसिडिटी आम्ल कमी पडल्याने होते’ हे पहिले विधान. छातीत जळजळ होणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या जठरात आम्ल प्रमाणापेक्षा जास्त नसते, एवढा भाग बरोबर आहे. परंतु त्यावरून ते कमी असते असे ठरत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते; ती सैल पडली किंवा अवेळी उघडली की नेहमीच्याच प्रमाणातील आम्ल वर अन्ननलिकेत चढते. जठराच्या आतल्या बाजूला आम्लापासून बचाव करणारा चिकट थर असतो, अन्ननलिकेला तसा नसतो, म्हणून तिथे जळजळ होते, आंबट-करपट ढेकर येतात आणि रात्री घशाशी येते. खरोखर आम्ल कमी पडण्याचे आजार आहेत, पण त्यांचे निदान तपासणीने होते. छातीत जळजळते एवढ्यावरून होत नाही.

अन्न कुजण्याची भीतीही अस्थानी आहे. जठराच्या अस्तरातील काही पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. पँटोप्राझोलच्या वर्गातील औषधे चालू असलेल्या पंपांना घट्ट चिकटून त्यांना बंद पाडतात, पण शरीर रोज नवे पंप तयार करत असल्यामुळे आम्ल पूर्णपणे कधीच थांबत नाही. प्रथिनांचे पचन मुख्यतः लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या रसाने होते, ते चालूच राहते. आम्लाचे दुसरे काम मात्र अन्नाबरोबर आत गेलेले जंतू मारण्याचे आहे, आणि ते या गोळ्यांमुळे कमी होते. दूषित पाण्याने जुलाब होण्याचा धोका त्यामुळे काहीसा वाढतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागले की रोज गोळी घेणाऱ्याने पाणी उकळून प्यावे, हा सल्ला संदेशात असता तर त्याचा काही उपयोग तरी झाला असता.

आता सगळ्यात घाबरवणारे विधान : किडनी, हाडे, मेंदू आणि कॅन्सर. इथे थोडे थांबायला हवे, कारण लोक सर्वाधिक घाबरतात ते यालाच.

या औषधांच्या दुष्परिणामांविषयीची बरीचशी माहिती निरीक्षणात्मक अभ्यासांतून आलेली आहे. म्हणजे लाखो लोकांच्या नोंदी पाहून, गोळी घेणाऱ्यांमध्ये अमुक आजार अधिक आढळला का, हे तपासले गेले. अडचण अशी की गोळी घेणारी माणसे मुळातच अधिक वयाची आणि अधिक आजारी असतात. त्यांना मधुमेह असतो, रक्तदाब असतो, सांधेदुखीच्या गोळ्या चालू असतात. त्यांच्यात किडनीचे विकार अधिक दिसले तर दोष गोळीचा की बाकीच्या आजारांचा, हे अशा अभ्यासातून नीट सांगता येत नाही. ते कळण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्या लोकांना खरी आणि निम्म्यांना खोटी गोळी देऊन वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. असा एक मोठा प्रयोग झालेला आहे. ‘कंपास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अभ्यासात हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्या १७,५९८ लोकांना पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम किंवा तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली गेली आणि सुमारे ३ वर्षे पाठपुरावा झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत किडनीचा जुनाट विकार, अस्थिभंग, न्यूमोनिया आणि स्मृतिभ्रंश यांपैकी कशातही लक्षणीय फरक आढळला नाही. फरक आढळला तो आतड्यांच्या संसर्गात : खऱ्या गोळीच्या गटात १.४ टक्के आणि दुसऱ्या गटात १ टक्का.

३ वर्षे म्हणजे २० वर्षे नव्हेत, हेही इथे नोंदवले पाहिजे. दुष्परिणामच नाहीत असे म्हणणे या संदेशाइतकेच चुकीचे ठरेल. किडनीला अचानक सूज येण्याचा एक प्रकार या औषधांमुळे होऊ शकतो. तो क्वचित होतो, पण होतो, आणि म्हणूनच २०१९ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी या गोळ्यांच्या माहितीपत्रकात किडनीच्या तीव्र इजेचा उल्लेख करण्याची सूचना दिली. गोळी सुरू केल्यावर लघवी कमी होणे, ताप, अंगावर पुरळ, सतत मळमळ असे काही दिसले तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये अस्थिभंगाविषयी आणि २०११ मध्ये रक्तातील मॅग्नेशियम कमी होण्याविषयी इशारा दिला. दोन्ही इशाऱ्यांचा रोख प्रामुख्याने वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ, अथवा मोठ्या मात्रेत गोळी घेणाऱ्यांकडे होता. बी-१२ जीवनसत्त्व अन्नातून सुटे होण्यासाठी आम्ल लागते, त्यामुळे काही वर्षे रोज गोळी घेणाऱ्यांत ते कमी पडू शकते. आपल्याकडे हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, कारण शाकाहारी घरांमध्ये बी-१२ आधीच कमी असते आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी घटते. हातापायांना मुंग्या येत असतील आणि गोळी अनेक वर्षांची असेल, तर बी-१२ तपासून घेणे हा साधा उपाय आहे. रक्त कमी असलेल्या बायकांनी लोहाच्या गोळ्या चालू असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण आम्ल कमी असताना लोह नीट शोषले जात नाही.

किडनीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. मे महिन्यात भुसावळ-रावेर पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, माणसे केळीच्या बागेत आणि रानात घामाघूम होऊन राबतात आणि संध्याकाळी अंग दुखते म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी घेतात. शरीरातील पाणी कमी झालेले असताना अशा वेदनाशामक गोळ्या किडनीला जो त्रास देतात, तो अत्यंत खरा आणि नेहमी घडणारा आहे. त्याविषयी मात्र असा संदेश कुणी फिरवत नाही.

कॅन्सरचे विधान १९८० च्या दशकातील उंदरांवरील प्रयोगांकडे जाते. जन्मभर मोठ्या मात्रेत ओमेप्राझोल दिलेल्या उंदरांच्या जठरात एका प्रकारच्या गाठी आढळल्या होत्या. १९८८ मध्ये हे औषध बाजारात आले. तेव्हापासून माणसांनी ते प्रचंड प्रमाणात वापरले आहे आणि त्याने जठराचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेले नाही. जठराच्या कॅन्सरशी पक्का संबंध सिद्ध झालेला आहे तो हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला १९९४ मध्येच कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातले. गोळीचा कॅन्सरशी प्रत्यक्ष संबंध येतो तो वेगळ्याच मार्गाने : आत गाठ वाढत असतानाही गोळीमुळे जळजळ तात्पुरती शमते आणि तपासणी लांबते. गिळताना घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, शौचास डांबरासारखे काळे होणे, रक्ताची उलटी, रक्त कमी होत जाणे, किंवा पन्नाशी-साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणे, यांपैकी काहीही असेल तर दुकानातून गोळी नेण्याऐवजी थेट डॉक्टरांकडे जावे आणि एंडोस्कोपीची (तोंडावाटे नळी घालून आतून पाहण्याच्या तपासणीची) वेळ आली तर टाळू नये.

‘परदेशात बंदी’ हे विधान रॅनिटिडीनविषयी आहे. तेही आम्ल कमी करणारेच औषध, पण वेगळ्या वर्गाचे आहे. त्याच्या गोळ्यांत एनडीएमए नावाचा संभाव्य कर्ककारक घटक साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, वाढत जातो असे आढळल्यामुळे एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या नियामकाने ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते २०२२ मध्ये वगळले गेले. त्याचा दोष पँटोप्राझोलला चिकटवण्यास काहीही आधार नाही. ज्यांच्या घरी रॅनिटिडीनचे जुने पत्ते उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली पडून असतील, त्यांनी ते जरूर टाकून द्यावेत. संदेशातील सल्ला एवढ्यापुरता मान्य करता येईल.

‘गोळी दारूसारखी लागते’ या विधानामागचा अनुभव खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. काही महिने पंप बंद राहिले की शरीर आम्ल वाढवण्याचे संदेश जोरात पाठवू लागते. गोळी एकदम थांबवली की काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त तयार होते आणि जळजळ उसळते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कसलाही त्रास नसलेल्या निरोगी माणसांना ८ आठवडे एसोमेप्राझोल हे याच वर्गातील औषध देऊन बंद केले, तेव्हा त्यांच्यापैकी ४४ टक्के लोकांना नंतरच्या आठवड्यांत आम्लाचा त्रास जाणवला. खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. हा उसळलेला त्रास म्हणजे मूळ आजार परत आला असे समजून माणूस पुन्हा गोळी सुरू करतो आणि वर्षे निघून जातात. यात व्यसनासारखी ओढ नसते आणि हा काळ आपोआप सरतो. डॉक्टर मात्रा निम्मी करून, एक दिवसाआड करून किंवा अधूनमधून साधे अँटासिड देऊन तो सुसह्य करतात. ‘आजच फेकून द्या’ हे सांगणाऱ्याला या उसळीची कल्पना नसावी, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात माणूस दुप्पट गोळ्या घेऊ लागतो हे त्याच्या लक्षात आले असते.

आजे-पणजांविषयीच्या विधानाने मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यात त्या पिढीचे दुखणे पुसून टाकलेले आहे. पोटाचे अल्सर तेव्हाही होते. १९७० च्या दशकात सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारे औषध येईपर्यंत त्यांवर परिणामकारक गोळी नव्हती. अल्सर फुटला किंवा रक्तस्राव थांबला नाही तर जठराचा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागे, आणि खेड्यातून तिथवर पोहोचणेच अनेकांना शक्य नव्हते. अल्सरचे एक मोठे कारण तिखट नसून हेलिकोबॅक्टर पायलोरी आहे, हे दाखवल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. ठेच्याने अल्सर होत नाही. पण ज्याची अन्ननलिका आधीच सुजलेली आहे त्याला तो झोंबतो, आणि तेलाची तर्री असलेल्या शेवभाजीने जठर रिकामे व्हायला वेळ लागतो. भरीत-भाकरी सोडण्याची गरज नाही. लग्नसराईत रात्री ११ वाजता पंगत उठते आणि माणूस लगेच आडवा होतो, ते सोडावे. जेवण आणि झोप यांत ३ तासांचे अंतर, खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करणे, डाव्या कुशीवर झोपणे, वाढलेले वजन घटवणे आणि तंबाखू सोडणे, याने बऱ्याच जणांची गोळी सुटू शकते.

लिंबू-सोड्याविषयी थोडक्यात. लिंबू पोटात गेल्यावर ‘अल्कली’ होते आणि रक्त शुद्ध करते असे संदेश म्हणतो. रक्ताची आम्लता फुप्फुसे आणि किडनी अत्यंत अरुंद मर्यादेत राखतात, लिंबाने ती बदलत नाही. सोडा आम्लाशी संयोग पावून क्षणभर आराम देतो आणि वायू तयार झाल्याने ढेकर येते, ‘मोकळे’ वाटते. पण चहाच्या एका सपाट चमचाभर खायच्या सोड्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि प्रौढ माणसाने दिवसभरात सर्व अन्नातून मिळून २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रक्तदाब, हृदयाची दुर्बलता किंवा किडनीचा विकार असलेल्या माणसाला रोज सकाळी हा पेला देणे म्हणजे किडनी वाचवण्याच्या नावाखाली तिच्यावर भार टाकणे आहे.

आता ‘सर्वांनी आजच बंद करा’ या आदेशाकडे येतो. काही रुग्णांमध्ये ही गोळी जळजळीसाठी नसतेच. ती रक्तस्राव टाळण्यासाठी असते. हृदयात स्टेंट बसवल्यानंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधे चालू असलेले, पूर्वी अल्सर होऊन गेलेले, साठी ओलांडलेले आणि सांध्यांसाठी रोज वेदनाशामक घेणारे, अन्ननलिकेला तीव्र व्रण असलेले, अशा रुग्णांनी डॉक्टरांना न विचारता ती थांबवू नये. कापूस वेचायला जाणाऱ्या एका मावशींनी हा संदेश ऐकून ‘ॲसिडिटीवाली’ बंद केली आणि गुडघ्याची गोळी तेवढी चालू ठेवली. काही दिवसांनी शौचास काळे होऊ लागले, चक्कर आली आणि रक्त चढवावे लागले. दोन गोळ्यांपैकी कोणती दुसरीपासून वाचवत होती हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना : ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल त्या औषधाचा परिणाम कमी करतात, म्हणून त्यांना सहसा पँटोप्राझोल दिले जाते. दुकानात एकाऐवजी दुसरी ‘तीच आहे’ म्हणून घेऊ नये.

याच्या उलट टोकाला, कारण संपल्यावरही गोळी चालू असलेले लोक आहेत आणि त्यांची संख्या मोठी आहे. एक आबा नेहमी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स घेऊन येतात. चार घड्या घालून पाकिटात ठेवलेल्या त्या कागदावर ‘पॅन ४०, १-०-०, उपाशीपोटी’ (म्हणजे पँटोप्राझोल ४०, फक्त सकाळी एक) एवढे स्पष्ट वाचता येते. त्यापुढे किती दिवस ते लिहिलेले होते, पण नेमकी तिथेच घडी पडून अक्षरे झिजली आहेत. छातीतील जळजळीसाठी साधारणतः ८ आठवडे, आतड्याच्या अल्सरसाठी ४ ते ८ आठवडे, पायलोरीच्या उपचारात प्रतिजैविकांबरोबर सहसा १४ दिवस, असा या गोळीचा काळ असतो. त्यानंतर ती चालू ठेवायची की नाही हे डॉक्टरांनी पुन्हा ठरवायचे असते. या गोळीच्या पत्त्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना छापलेली असते, आणि ती आम्हा विक्रेत्यांसाठी आहे. ती पाळली गेली तर अशा झिजलेल्या कागदांवर गोळ्या विकल्या जाणार नाहीत.

गोळी घेण्याची रीतही बहुतेकांना सांगितली जात नाही. जेवण सुरू झाले की पंप चालू होतात आणि औषध रक्तात जेमतेम एक-दोन तास टिकते, म्हणून ते नाश्त्याआधी किंवा जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावे लागते. भरपेट जेवून, जळजळ सुरू झाल्यावर घेतल्यास त्याचा पूर्ण उपयोग होत नाही, आणि पूर्ण परिणाम दिसायला ३ ते ५ दिवस लागतात. गोळीवरचे आवरण आम्लापासून औषधाचे रक्षण करते, तेव्हा ती चावू किंवा कुटू नये. कॅप्सूलमधील बारीक दाणेही ठेचू नयेत. पोट डब्ब होणे, गुबारा धरणे यावर ही गोळी फारशी चालत नाही. तरीही ‘गॅससाठी’ म्हणून डोंपेरिडोन हे उलटी थांबवणारे औषध मिसळलेली कॅप्सूल सर्रास मागितली जाते. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवरील परिणामांमुळे डोंपेरिडोनचा वापर मळमळ व उलटीपुरता, कमी मात्रेत आणि साधारण आठवडाभरापुरता मर्यादित केला आणि छातीतील जळजळ व पोटफुगी या कारणांसाठी तो थांबवला. साध्या पँटोप्राझोलचे काम असताना हे मिश्रण महिनोन्‌महिने घेऊ नये. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज एकही घेऊ नये.

आणि ॲसिडिटी समजून गोळी मागायला आलेला माणूस घामाने भिजलेला असेल, छातीत जळजळीऐवजी दाब किंवा आवळल्यासारखे वाटत असेल, दुखणे जबड्याकडे, पाठीत किंवा हातात जात असेल, किंवा चार पावले चालल्यावर वाढत असेल, तर त्याला ना गोळी द्यावी ना लिंबू-सोडा. मधुमेही आणि वयस्कर माणसांत हृदयविकाराचा झटका पुष्कळदा नुसत्या पोटाच्या तक्रारीसारखाच येतो. त्याला बसवावे, १०८ वर फोन करावा आणि जिथे ईसीजी निघेल तिथे लगेच पोहोचवावे.